उतरण्याआधीची फेरी

आमच्या घरात पहाटे सगळ्यांत आधी ऐकू यायचे ते आबांचे बूट. पलटणीतून सुभेदार म्हणून पेन्शन घेऊन आल्यावर माणूस पुन्हा वहाणा घालू लागेल अशी आईची समजूत होती, पण आबांनी बूट काही सोडले नाहीत. उसाला पाणी द्यायला निघतानाही ते बूट घालूनच निघायचे, बांधावर पोचल्यावर काढायचे, टाचा जुळवून शेजारी शेजारी ठेवायचे आणि मग अनवाणी सरीत उतरायचे. त्यांच्या मागोमाग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू व्हायचा. आईचा हात जड होता. परातीवर असा दणका बसायचा की अंथरुणात पडल्या पडल्या मला किती भाकऱ्या झाल्या ते मोजता यायचं. हिवाळ्यात ओढ्यापलीकडच्या गुऱ्हाळाचा गोड, करपट वास घरात शिरायचा आणि भाकरी-खर्ड्यालाही तो लागून राहायचा. आणि या सगळ्यावर, ऊन जरा वर आलं की, कराडच्या बाजूनं एक घरघर ऐकू यायची. ते विमान. नदीपलीकडच्या मोकळ्या माळावर धावपट्टी होती, तिथं एक छोटा फ्लाइंग क्लब चालायचा. गावातल्या बायका त्या आवाजावर वेळ सांगायच्या.

त्या क्लबात माजी सैनिकांच्या मुलांसाठी दोन जागा निघाल्याचं आबांनी एका पत्रकात वाचलं. माझा थोरला भाऊ तेव्हा पलटणीत भरती होऊन गेला होता. घरात उरले होते मी, कराडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली. आबांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "हितं 'मुलांसाठी' लिवलंय. मुलगी न्हाई असं कुठं लिवलेलं न्हाई." आई चुलीपाशी होती. तिनं मागं न बघता विचारलं, "आन पडली म्हंजे?" आबा म्हणाले, "मी लडाखात होतो तवा तू इचारलंस का, पडला म्हंजे?" "इचारलं व्हतं," आई म्हणाली. "देवाला इचारलं व्हतं. तुमाला कुठं इचारायचं, तुमी तर तितं." तो विषय तिथं थांबला आणि पुढच्या सोमवारी आबांनी मला सायकलीवरून धावपट्टीवर नेलं.

आजच्या माणसाला ती धावपट्टी कशी होती हे सांगणं अवघड आहे. आता विमानतळ म्हटलं की काचा, पट्टे, सरकते जिने डोळ्यांपुढं येतात. आमच्याकडं एक पूर्व-पश्चिम डांबरी पट्टी, एक पत्र्याचं हँगर, लिंबाच्या झाडाखाली चार खुर्च्या आणि एक लोखंडी खांब. त्या खांबावर कापडाची लांब नळी बांधलेली असायची. तिला विंडसॉक म्हणत, पण चौकीदारापासून सगळे तिला झोळीच म्हणायचे. वारा भरला की झोळी ताठ व्हायची आणि तिचं शेपूट वारा जिकडं चालला आहे तिकडं जायचं. टॉवर नव्हता. आमच्या विमानांत रेडिओ नव्हता. तुम्ही वर असलात की खालून तुम्हाला कुणीही, काहीही सांगू शकत नव्हतं. वाऱ्याचं काय चाललंय, पट्टीवर धनगराची मेंढरं आली आहेत का, दुसरं विमान कुठून येतंय, हे सगळं तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघायचं.

हे बघणं मला ढवळे सरांनी शिकवलं. ते हवाई दलातून निवृत्त झालेले, साताऱ्याचे, अंगानं बारीक, आवाज मात्र इंजिनावर मात करील असा. पहिले दहा दिवस त्यांनी मला विमानाला हातसुद्धा लावू दिला नाही. फक्कीनं जमिनीवर एक पट्टी आखली, भोवती एक मोठा चौकोन आखला आणि त्यावरून मला चालायला लावलं. "हे सर्किट. इथं येणारा प्रत्येक जण याच रस्त्यानं येतो. वळायचं ते डावीकडं, कारण तू डावीकडं बसलीयस आणि डावीकडचं तुला दिसतं. पट्टीला समांतर जाशील ते डाउनविंड, वारा पाठीशी. मग डावीकडं वळलीस की बेस. पुन्हा डावीकडं वळलीस की फायनल, समोर पट्टी, तोंडावर वारा. तोंडावर वारा नसेल तर तू चुकलीयस."

"आणि बाहेरगावाहून आले तर, सर?"

"तेच तर खरं शिकायचंय. बाहेरून आलीस की थेट आत घुसायचं नाही. दोन हजार फुटांवरून, सर्किटच्या वरून, आधी मैदानावर यायचं. एक पूर्ण फेरी मारायची. झोळी बघायची. पट्टी बघायची. सर्किटमध्ये कोण आहे ते बघायचं. मग ज्या बाजूला सर्किट नाही त्या मोकळ्या बाजूला जाऊन हजार फुटांपर्यंत उतरायचं, पट्टीच्या टोकावरून आडवं जायचं आणि रांगेत लागायचं. लक्षात ठेव, खाली कुणी नाही असं तुला वाटतंय, आणि खाली कुणी नाही हे तू बघितलंयस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

मी घरी येऊन अंगणात तो चौकोन पुन्हा आखायची आणि हात पसरून त्यावरून चालायची. आई सुपात ज्वारी पाखडत बसलेली असायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "ही खुंटी कशापायी रोवलीस मधी?" मी म्हटलं ती झोळी, वारा कुठून येतोय ते बघायला. आईनं सूप जरा कलतं केलं, फोलपाट उडून गेलं. "मग त्यात शिकायचं काय एवढं? पाखडताना बाई आधी वाराच बघती. न्हाईतर सगळं तोंडावर येतं." त्यानंतर ती मधूनच मला अडवायची. "आज वारा तिकडनं हाय. तू उलटी चालाया लागलीस." आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं.

मी लवकर शिकले. खोटी विनयशीलता या वयात दाखवण्यात अर्थ नाही, माझा हात चांगला होता. एकटीनं उडायची परवानगी मला माझ्या तुकडीतल्या मुलांच्या आधी मिळाली. त्या दिवशी उतरल्यावर सरांनी चहा पुढं केला, आणि चौकीदारानं हँगरच्या दारावर माझं नाव खडूनं लिहिलं. विजया असं लिहायचं तर त्यानं घरातल्यासारखं 'इजा' लिहिलं. पुसू नका असं मी त्याला सांगितलं. पण हात चांगला असला की डोक्यात हवा शिरते. एकटीनं उडायला लागून महिना झाला असेल. एका सकाळी मी मसूरकडून परत येत होते. आकाश धुतल्यासारखं, कुठं कुणी नाही. वरून फेरी मारायचा मला कंटाळा आला आणि मी सरळ पट्टीच्या रेषेत शिरून उतरले. उतरणं सुरेख झालं. सर लिंबाखाली उभे होते. ओरडले नाहीत. म्हणाले, "उद्यापासून आठ दिवस तू इथं झोळीच्या खांबाशी बसायचं. वही घेऊन. वारा बदलला की लिहायचं." मी बसले. उन्हात, टोपी घालून, आठ दिवस. त्या आठ दिवसांत मला कळलं की वारा दिवसातून किती वेळा मन बदलतो, आणि चैत्र-वैशाखात दुपारी ढग जमले की पाच मिनिटांत तो पश्चिमेचा पूर्वेला कसा होतो. सरांनी माझ्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीतही, ती चूक लाल शाईनं नोंदवली. तेव्हा मला त्याचा फार राग आला होता.

त्याच वैशाखात एका साखर कारखान्यानं उसावर औषध फवारायला एक विमान मागवलं. ते आमच्याच धावपट्टीवर मुक्कामाला होतं. ते चालवणारे कॅप्टन करंदीकर म्हणजे आम्हा शिकाऊ पोरांना मोठंच प्रस्थ. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, गळ्यात रुमाल. उसाच्या शेंड्यांना चाकं लागतील इतक्या खालून ते विमान काढायचे आणि विजेच्या तारेआधी वर उचलायचे. गावंच्या गावं बघायला लोटायची. आमच्याशी ते गमतीनं बोलायचे, मला 'सुभेदारीणबाई' म्हणायचे. पण ते सर्किट करत नसत. काम संपलं की जिथून असतील तिथून सरळ येऊन उतरायचे. सर एकदा त्यांना बोलले. ते हसून म्हणाले, "ढवळे, दिवसाला चाळीस वेळा उतरतो मी. चाळीस वेळा तुमच्या देवळाला प्रदक्षिणा घालत बसलो तर ऊस कोण वाचवणार?" त्यात तथ्य नव्हतं असं नाही. आणि महिनाभर सगळं ठीक चाललंही होतं.

मला लायसनसाठी एकटीनं लांबचा प्रवास करायचा होता. कराडहून सांगलीजवळच्या कवलापूरच्या धावपट्टीवर जायचं, तिथं उतरून कागदावर सही घ्यायची आणि परत यायचं. सकाळी मी निघाले. कृष्णा डाव्या हाताला ठेवली, उजव्या हाताला इस्लामपूरची कौलं आणि कारखान्याचं धुराडं गेलं. कवलापूरला मी नियमानं वरून फेरी मारली आणि बरं झालं मारली, कारण पट्टीच्या मधोमध एक म्हैस उभी होती. मी वर घिरट्या घालत राहिले, शेवटी एक माणूस धावत आला आणि तिला हाकलून त्यानं मला हात केला. सही मिळाली, चहा मिळाला, दुपार कलल्यावर मी परत निघाले.

ताकारी मागं पडली तेव्हाच पूर्वेकडं ढग दिसला. वळवाचा ढग खालून काळा आणि वरून कापसासारखा पांढरा असतो. तो सदाशिवगडाच्या पलीकडं होता, पण त्याच्या पुढं धुळीची एक तांबूस भिंत सरकत होती. वेळ होता. मी दोन हजार फुटांवर मैदानाच्या वर आले आणि डावीकडं वळून फेरी सुरू केली. सकाळी निघाले तेव्हा पश्चिमेचा वारा होता. आता झोळी ताठ होती आणि तिचं शेपूट पश्चिमेकडं होतं. वारा पूर्वेचा झाला होता आणि जोरात होता. म्हणजे पश्चिमेकडून येऊन पूर्वेकडं तोंड करून उतरायचं. पट्टी मोकळी होती, सर्किटमध्ये कुणी नव्हतं. मी दक्षिणेच्या मोकळ्या बाजूला जाऊन उतरत हजार फुटांवर आले, पट्टीच्या पूर्व टोकावरून आडवी गेले, डाउनविंडला लागले. वारा पाठीशी आल्यावर विमान असं पळायला लागलं की बेसला मला एरवीपेक्षा लवकर वळावं लागलं. मग फायनल. समोर पट्टी, पट्टीच्या पलीकडं ढग.

आणि ढगाच्या खाली एक ठिपका.

समोरून येणारं विमान हलत नाही. आडवं जाणारं दिसतं, कारण ते सरकतं. समोरचं एका जागी चिकटून राहतं आणि नुसतं मोठं होत जातं. मी आधी त्याला घार समजले. मग त्याला पंखांची एक बारीक रेघ आली. करंदीकर होते. वादळाच्या पुढं पळत, पाठीवर वारा घेऊन, सरळ पट्टीवर येत होते, पूर्वेकडून, माझ्या तोंडासमोर. मी तेव्हा दोनशे फुटांवर असेन.

माझ्या हातांनी काय केलं ते मला आजही क्रमानं आठवतं. थ्रॉटल पूर्ण पुढं, इंजिनाला सगळा जोर. नाक आधी सरळ, मग हलकेच वर. मग उजवीकडं, पट्टी डाव्या हाताला ठेवून, कारण सर्किट डावीकडं होतं आणि उजवी बाजू मोकळी होती. भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही, पण ती नंतर वाटली. ते माझ्या डाव्या पंखाखालून गेले. त्यांचा गळ्यातला रुमाल मला दिसला. त्यांनी वर बघितलं असेल तर ते माझ्या मागं गेल्यावर.

त्यांची चाकं पट्टीला लागली, पण पाठीवर एवढा वारा घेऊन ते विमान थांबणार कसं? पट्टी संपली, तारेचं कुंपण संपलं, आणि नांगरलेल्या रानात ते नाकावर उभं राहिलं. मी डाउनविंडवरून वाकून बघत होते. दार उघडलं. करंदीकर बाहेर पडले, दोन पावलं चालले आणि ढेकळात बसले. माणूस जिवंत आहे एवढं बघून मी नजर काढून घेतली. धुळीची भिंत आता नदीवर आली होती. लवकर वळून, कोपरा कापून उतरावं असा मोह मला झाला. मी पूर्ण सर्किट केलं. बेस, फायनल, पुन्हा पट्टीच्या पूर्व टोकापलीकडं नजर टाकली, त्यांच्या मोडक्या विमानावरून जरा उंच येऊन उतरले. मी थांबले तेव्हा सर आणि चौकीदार दोन्ही पंखांना लोंबकळले, नाहीतर वाऱ्यानं विमान उलटलं असतं. सरांच्या तोंडात धूळ गेली होती. ते थुंकले आणि म्हणाले, "बरोबर केलंस." एवढंच.

पंधरा मिनिटांत वारा पडला. ढग पाऊस न देताच उत्तरेला सरकला आणि झोळी खांबाला चिकटून लोंबत राहिली. तेवढ्यात कारखान्याची जीप आली, क्लबाचे चेअरमन आले. कपाळाला रुमाल लावून करंदीकर सगळ्यांसमोर म्हणाले, "या मुलीनं उलट्या बाजूनं येऊन मला अडवलं. महिनाभर इथं सगळे पश्चिमेकडं उतरतात. माझं लक्ष हिच्याकडं गेलं म्हणून पट्टी हातची गेली." मी तोंड उघडलं, पण सरांनी माझा दंड धरला. ते म्हणाले, "मी खालून बघितलंय." चेअरमन म्हणाले, "तुमची शिष्या आहे, ढवळे. तुम्ही तिची बाजू घेणारच." चौकशी आठवड्यानं ठरली. तोवर माझं उड्डाण बंद.

बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. आई दारात उभी होती. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, हात लावून बघितलं आणि म्हणाली, "बास झालं आता." दोन दिवस घरात भाकरीच्या आवाजाखेरीज आवाज नव्हता. तिसऱ्या दिवशी आई अंगणात आली, तिनं स्वतः खुंटी रोवली आणि म्हणाली, "दाव मला. तू कुठं व्हतीस, त्यो कुठं व्हता." मी फक्कीनं आखलं. वारा इकडून, मी इथून, ते तिथून. आईनं त्या रेघा एकेक करून बघितल्या. मग तिनं विचारलं, "आन तू वरनं फेरी मारली न्हाईस असं झालं असतं तर?" मी म्हटलं, तर मला वारा बदललेला कळलाच नसता. मीही सकाळचाच वारा धरून पश्चिमेकडं उतरले असते, धूळ अंगावर यायच्या आत उतरायची घाई करत, त्यांच्या पुढं नाहीतर मागं. आई म्हणाली, "चौकशीला मी येनार."

आबा तिला म्हणाले, "आगं, तितं साहेब लोक असत्यात." आई म्हणाली, "असूं द्या की. मी काय त्यांच्या खुर्चीत बसनार हाय?"

चौकशी हँगरमध्येच होती. टेबलापाशी चेअरमन, सेक्रेटरी आणि कारखान्याचे एक अधिकारी. कपाळावर पट्टी बांधलेले करंदीकर, सर, मी. आबा इस्त्रीच्या कपड्यांत ताठ उभे. आई हिरवं नऊवारी नेसून दाराशी पोत्यावर बसली होती. चेअरमननी माझं लॉगबुक उघडलं आणि लाल शाईवर बोट ठेवलं. "या मुलीनं पूर्वीही नियम मोडलेला आहे. सरळ येऊन उतरली. तिच्याच शिक्षकांची नोंद आहे."

"हो," मी म्हटलं. "मोडला होता. त्याबद्दल मी आठ दिवस या खांबाशी बसले. त्यानंतर एकदाही मोडला नाही."

"त्या दिवशी वारा पूर्वेचा होता हे तू कशावरून सांगतेस?"

"झोळीवरून. दोन हजार फुटांवरून पूर्ण फेरी मारली मी. शेपूट पश्चिमेकडं होतं."

"आम्ही आलो तेव्हा झोळी लोंबत होती."

"तेव्हा वारा पडला होता, साहेब."

मग बराच वेळ गोल गोल बोलणं झालं. पट्टीची लांबी, वादळाचा वेग, करंदीकरांचा अनुभव, कारखान्याचं नुकसान. सेक्रेटरी म्हणाले की दोघांचीही थोडी थोडी चूक धरून विषय मिटवावा आणि मुलीनं यंदापुरतं थांबावं, पुढच्या वर्षी बघू. सर उठून उभे राहिले. ते काही बोलायच्या आत दाराशी आवाज आला.

"मी येक इचारू का?"

सगळ्यांनी वळून बघितलं. आईनं पदर सारखा केला. तिनं चेअरमनकडं बघितलंच नाही, करंदीकरांकडं बघितलं.

"आवं भाऊ, माझी पोरगी म्हनती तिनं झोळी बघितली. तुमी बघितली व्हती का?"

हँगरच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती. करंदीकरांनी टेबलावरचा रुमाल उचलला, पुन्हा ठेवला. चेअरमन म्हणाले, "बाई, हा तांत्रिक विषय आहे," तेव्हा करंदीकरांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"नाही, ताई," ते म्हणाले. "नाही बघितली. ढग पाठीवर होता, मला खाली यायचं होतं. मी झोळी बघितली नाही, आणि पलीकडून कोण येतंय तेही बघितलं नाही. हिनं बघितलं म्हणून आम्ही दोघं इथं आहोत." मग ते चेअरमनांकडं वळले. "मी त्या दिवशी जे बोललो ते चूक होतं. लिहून घ्या. मी सही करतो."

त्यांनी सही केली. सेक्रेटरींनी माझं लॉगबुक मला परत दिलं. सरांनी चष्मा पुसायला फार वेळ घेतला.

आयुष्यात पुढं मी मोठ्या हुद्द्यांवरची पुष्कळ माणसं बघितली. चार माणसांसमोर, स्वतःचं नुकसान दिसत असताना, 'मी बघितलं नाही' असं म्हणणारी फार भेटली नाहीत. परवा कराडच्या चौकात एका पोरानं इकडंतिकडं न बघता मोटरसायकल घुसवली आणि माझ्याच रिक्षावाल्यावर ओरडला, तेव्हा मला करंदीकर आठवले. त्यांच्या चुकीपेक्षा त्यांचं ते वाक्यच माझ्या लक्षात राहिलं आहे.

परतताना आबा पुढं सायकल ढकलत चालले होते. कॅनॉल ओलांडल्यावर आई त्यांच्या बरोबरीला आली. मग म्हणाली, "त्या मानसाला जेवाया बोलवा." आबा थांबले. "कुनाला? करंदीकराला?" "व्हय. खरं बोलला, आन ते बी एवढ्यांच्या देखत. त्याला बायको-पोरं लांब, कोन देतं खायाला."

ते गुरुवारी आले. आईनं अख्खा मसूर, भाकरी, वांग्याचं भरीत आणि दही केलं होतं. मांडी घालून बसायला त्यांना त्रास झाला, पण तीन भाकऱ्या खाल्ल्या. हात धुताना ते आईला म्हणाले, "ताई, तुमच्या मुलीपेक्षा हात माझा चांगला आहे. त्यात मी हार मानणार नाही. पण डोळे तिचे चांगले आहेत, आणि म्हातारं व्हायला डोळेच लागतात." आई हसली. त्या आठवड्यातलं ते पहिलं हसू. ते गेल्यावर भांडी गोळा करता करता तिनं मला विचारलं, "मला कवा नेतीस वर?"

मी म्हटलं, लायसन मिळाल्याशिवाय कुणाला बसवता येत नाही. "मग घे की लायसन," आई म्हणाली, "बसलीस कशाला?"

पौषात मला लायसन मिळालं. पहिला प्रवासी म्हणून आबांचं नाव द्यावं असं सरांच्या मनात होतं. आबा म्हणाले, "न्हाई, तिचा नंबर आधी." आई तेच हिरवं नऊवारी नेसून आली. पदर कमरेला घट्ट खोचला, पट्टा मी बांधला. विमान धावायला लागलं तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत, मी चोरून बघत होते. आपलं घर तिला लगेच सापडलं, कारण बांधावर आबांचा पांढरा सदरा दिसत होता. कृष्णा आणि कोयना कुठं मिळतात ते बघून ती एवढंच म्हणाली, "खालनं येवढं कळत न्हाई." संगमावरून वळून मी मैदानावर आले, दोन हजार फुटांवर, आणि डावीकडं फेरी सुरू केली. इंजिनाच्या आवाजात ऐकू यावं म्हणून आई माझ्या कानाशी ओरडली.

"वारा पश्चिमेचा हाय!"

"हो, आई!"

"पट्टीवर कोन न्हाई!"

"हो!"

मी मोकळ्या बाजूला उतरायला लागले. आई काचेला नाक लावून बघत होती, पुढं, खाली, मागं, माझ्याकडं एकदाही नाही. आम्ही टोकावरून आडव्या गेलो, रांगेत लागलो, बेसला वळलो. तेवढ्यात तिनं माझ्या दंडावर चापट मारली.

"उजव्या अंगाला घार हाय. बघितलीस का?"

बघितली नव्हती. मी बघितली, जरा वळून तिला वाट दिली, आणि आम्ही दोघी तोंडावर वारा घेऊन खाली उतरलो.